काळाने घाला घातला नाही

महाराष्ट्रातल्या मराठी दैनिकांच्या संपादकांस,



तुमच्यापैकी काहींच्या हाताखाली, काहींच्या शेजारी आणि एक-दोघांच्या डोक्यावर बसून मी जिल्हा डेस्कवर सत्तावीस वर्षं काढली. अपघाताच्या किती बातम्या हाताखालून गेल्या ते कधी मोजलं नाही. मथळे मात्र सगळे आठवतात, कारण ते मुळात पाच-सहाच होते. ‘कुटुंबावर काळाचा घाला’. ‘लग्नाहून परतताना काळाची झडप’. ‘देवदर्शनाची इच्छा अपुरीच राहिली’. खाली मजकुरात चालकाचा ताबा सुटायचा, गाडीचा चक्काचूर व्हायचा, चौघे जागीच ठार आणि परिसरात हळहळ. रात्री साडेअकराला तालुक्याच्या वार्ताहराचा फोन यायचा. ठाणे अंमलदाराने त्याला जे सांगितलं ते तो मला सांगायचा, मी ते साच्यात ओतायचो आणि पान सोडायचो. ‘हळहळ’ तर न विचारताच लिहायचो. कुणी हळहळलं की नाही, हे रात्री बारा वाजता बघायला कोण जाणार?

हे पत्र त्या साच्याबद्दल आहे. लिहायला निमित्त आहे नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारचं. रस्त्यावर गेलेल्यांच्या स्मरणाचा तो जागतिक दिवस. अपघातात माणसं गमावलेल्यांच्या एका संस्थेने १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये तो पाळायला सुरुवात केली आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो स्वीकारला. आपल्याकडे त्या दिवशी कुठे मेणबत्त्या लागतात, कुठे पोलीस गुलाबाचं फूल देतात, आणि आतल्या पानावर एक फोटो येतो. फोटोबद्दल तक्रार नाही. पण स्मरण करायचं तर माणूस कशाने गेला हे आधी माहीत हवं, आणि ते सांगण्याचं काम आपलं होतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पान पाचवर माझ्याच हातची बातमी होती : ‘भरधाव दुचाकीची उभ्या ट्रॉलीला धडक, तरुण जागीच ठार’. दोन आठवड्यांनी, बारावं उरकून, त्या मुलाचे वडील कार्यालयात आले. डोक्यावर केसांचे खुंट, खिशात चौघडी घातलेला अंक. मला वाटलं नाव चुकलं असणार, नाहीतर वय. लोक येतात ते बहुधा त्यासाठीच. त्यांनी अंक उलगडून टेबलावर ठेवला आणि ‘भरधाव’वर बोट टेकवलं.

“हे कुणी मोजलं?”

मी म्हटलं, पोलिसांनी सांगितलं.

“उभी ट्रॉली लिवलंय. मागं दिवा नव्हता, लाल फडकं नव्हतं, हे का न्हाई लिवलं?”

तेही मी पोलिसांवर ढकललं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “त्याच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं. घरी कपाटावर हाय. ते पण लिवा मग.”

अशा गोष्टींचं शुद्धिपत्र निघत नाही, हे मी त्यांना शक्य तितक्या नरमाईने सांगितलं. चहा मागवला. तो पिऊन ते गेले.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळालं. ‘भरधाव’ हा शब्द आपला नाहीच, तो फिर्यादीतून येतो. ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ हे वाक्य ठाण्यातल्या प्रत्येक हवालदाराला पाठ असतं. अपघात झालेला मी पाहिला नाही, त्यानेही पाहिलेला नसतो, तरी वेग दोघांनाही ठाऊक. आणि गंमत पाहा, रस्त्याची परिस्थिती त्या वाक्यात येते ती फक्त चालकाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं एवढं म्हणण्यापुरती. ती परिस्थिती काय होती, हे पुढे कुणी लिहीत नाही.

हिशेब साधा आहे. ताशी साठला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि हात ब्रेकवर जाणं, यातच एक-दीड सेकंद संपतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच पंधरा ते पंचवीस मीटर गेले. त्यानंतर थांबायला कोरड्या रस्त्यावरही जवळपास तेवढंच अंतर लागतं. दुचाकीचा डिपर तेवढ्या लांबचं कसंबसं दाखवतो, आणि समोरून अप्पर लावून ट्रक आला की तेही नाही. अंधारात, मातीच्या रंगाची, उसाचे शेंडे मागे लोंबणारी, पंक्चर होऊन अर्धी डांबरावर उभी असलेली ट्रॉली साठच्या वेगालाही चुकवणं कठीण. मागे खूण म्हणून काय, तर चार दगड आणि बाभळीची फांदी. पंक्चर निघालं की ट्रॉली पुढे जाते आणि दगड तिथेच राहतात, पुढच्या माणसासाठी. तेव्हा ‘तो भरधाव होता’ याच्या जागी ‘त्याच्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल त्यापेक्षा त्याचा वेग जास्त होता आणि ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता’ असं मी लिहिलं असतं, तर ते वाचून निदान दोन माणसांना काहीतरी करता आलं असतं : रात्री दुचाकीवर निघणाऱ्याला आणि ट्रॉलीच्या मालकाला. ‘काळाचा घाला’ वाचून कुणाला काय करता येतं?

करता येतं, चुकलो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. पहिल्या दिवशी बहुतेकांनी टायर फुटल्याचं छापलं, कारण वाचलेल्या चालकाने तसं सांगितलं होतं. पुढे टायर फुटल्याचा पुरावा नाही असा परिवहन विभागाचा अहवाल आला. चालकाच्या रक्तात मद्यांश सापडल्याचा न्यायवैद्यक अहवालही आला. टायरला पहिलं पान मिळालं होतं, अहवालांच्या नशिबी आतलं. दरम्यान काही मंडळींनी अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्र बसवलं, जप केला आणि आता इथे अपघात होणार नाही असा दावा केला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आपण अग्रलेखांतून त्यांना चांगलं फटकारलं. ते योग्यच झालं, पण मला आतून जरा ओशाळं वाटलं. आरोपी म्हणून काळाचं नाव वर्षानुवर्षं आपण छापणार, मग त्याच्यावर उतारा म्हणून कुणी मृत्युंजयाचा जप केला, तर तर्कात त्याची चूक काय?

आकडे तुमच्याकडे असतात, तरी एकदा एका जागी वाचा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. महाराष्ट्रात १५,२२४. म्हणजे आपल्या राज्यात दिवसाला एकेचाळीस-बेचाळीस. देशातल्या मृतांपैकी जवळपास पंचेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कारच्या पट्ट्याचा आकडाही पाहण्यासारखा आहे. पट्टा न लावता गेलेले १६,७१५. त्यातले चालक ८,३८४ आणि बाकीचे प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे-निम्मे. चालकाने पट्टा लावावा हे आपण सगळे म्हणतो, शेजारी नि मागे बसलेल्याचं कुणी नाव काढत नाही.

मागच्या सीटवरचा पट्टा मराठी पेपरांच्या पहिल्या पानावर आला तो ४ सप्टेंबर २०२२ नंतर. उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. त्या आठवड्यातलं आपलं काम काढून बघा. झकास होतं! वार्ताहर पुलावर गेले, तीन पदरी रस्ता तिथे दोन पदरी कसा होतो ते पाहिलं, कठडा किती पुढे आलाय ते लिहिलं, फलक होता का ते विचारलं, मागच्या सीटचा नियम काय ते छापलं. म्हणजे येतं आपल्याला. गेलेला माणूस मोठा असला की आपण पुलापर्यंत जातो. पुण्यात कल्याणीनगरलाही १९ मे २०२४ च्या अपघातानंतर आपण दिवसचे दिवस ठाण मांडून बसलो. अल्पवयीन चालकाला जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट, रक्ताचे बदललेले नमुने, सगळं लोकांपर्यंत पोचलं. (तीनशे शब्द म्हणजे आमच्या हिशेबाने दोन कॉलमी बातमी. मी रात्री चार करायचो.) अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, हे २०१९ पासून कायद्यात होतं. ते पुष्कळांना त्या मे महिन्यात कळलं. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, १९८ अ. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार अधिकाऱ्याला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. लाख रुपये ही रक्कम फार नाही. पण अपघाताच्या बातमीत हे कलम मी निवृत्त होईपर्यंत लिहायचा प्रश्नच नव्हता आणि निवृत्तीनंतर वाचल्याचं आठवत नाही.

पुण्याच्या नवले पुलाचं मात्र मनाला लागून राहिलंय. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की महामार्ग नवले पुलाकडे उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ ला संध्याकाळनंतर त्या उतारावर एका अवजड गाडीने पुढच्या डझनावारी गाड्या उडवल्या. वाहिन्यांनी ‘ब्रेक फेल’ म्हटलं, पेपरांनीही. त्या दिवशी नोव्हेंबरातला तिसरा रविवार होता. सकाळच्या अंकात स्मरणदिनाची चौकट ज्यांनी छापली असेल, त्यांच्याही हे ध्यानात आलं नाही. मलाही कॅलेंडर उलटताना पुष्कळ उशिरा दिसलं. पुढे १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पुलावर आग लागून आठ जण गेले. तिसरा रविवार तीन दिवसांवर होता.

‘ब्रेक फेल’ हे आपलं आणखी एक लाडकं वाक्य. मोठी गाडी उतारावर गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं आणि ब्रेकवर भार कमी येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्यातच उतरा, असं जुने ड्रायव्हर नव्याला सांगतात ते यासाठी. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की पंधरा-वीस टन माल नुसत्या ब्रेकवर येतो. सतत दाबून ड्रम तापतात, तापलेले ब्रेक धरेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला लागणारी हवाही भरायची थांबते. मग ड्रायव्हर म्हणतो ब्रेक फेल, आणि ते खोटं नसतं. फक्त गोष्ट दोन-चार किलोमीटर आधी सुरू झालेली असते. डिझेल कुणासाठी वाचवत होता, खेपेमागे मोजून मिळत होतं का, मिळत असेल तर किती, उतरण्याआधी ब्रेक थंड करायला गाडी उभी करायची जागा होती का, हे विचारायला वार्ताहर एखाद्या ट्रक टर्मिनलवर गेला तर चांगली अर्ध्या पानाची बातमी आहे ती. ‘मृत्यूचा सापळा’ हा मथळा नवले पुलाला आपण इतक्यांदा दिलाय की तिथून रोज जाणाऱ्या माणसाला तो आता बसथांब्याच्या नावासारखा वाटत असेल.

बातमीने काही होतं का, असं तुमच्यातले तरुण विचारतील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आठवा. अभिनेत्री भक्ती बर्वे त्या रस्त्यावर २००१ मध्ये अपघातात गेल्या. २०१२ च्या डिसेंबरात अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडशांचं लहान मूलही गेलं. समोरून येणारा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. २०१६ साली तिथे १५१ जण मेले. त्या सुमारास रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून प्रत्येक अपघाताची जागा पायी पाहायला सुरुवात केली. कुठे कठड्याचं टोक उघडं आहे, कुठे ट्रक रस्त्याकडेला उभे राहतात, कुठे समोरची गाडी इकडे येऊ शकते, ते एकेक करून. दुभाजकात तारांचे अडथळे लागले, वेगावर नजर आली. पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली उतरला. रस्ता तोच आणि घाटही तोच. त्या पाहणीत त्यांनी विचारलेले प्रश्न वार्ताहरालाही विचारता येण्यासारखे आहेत.

भाषेबद्दल आणखी एक. ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द आपण जन्माला घातला. पुण्यात या शब्दावर मोर्चे निघाले, कृती समिती झाली, विनोद तर विचारू नका, आणि आम्ही ते चौकटीत छापून हसलो. सिग्नलला कुणी ‘सिग्नलसक्ती’ म्हणालं नाही, उजव्या बाजूने गाडी न चालवण्याला ‘डावीसक्ती’ म्हणालं नाही. डोक्यावरच्या टोपलीला तेवढी सक्ती चिकटली. आणि तोच माणूस हेल्मेटविना गेला की ‘मेलेल्याबद्दल वाईट कशाला लिहा’ म्हणून आपण हेल्मेटचा उल्लेख गाळतो. मीही गाळायचो. ती सभ्यता आहे असं मला वाटायचं. बाप स्वतः येऊन ‘तेही लिहा’ म्हणाला, तेव्हा ती कुणासाठी होती हे मला सांगता आलं नसतं.

तुम्हाला नवं काही शिकवायची गरज नाही, कारण एका बाबतीत तुम्ही साचा मोडलेला आहे. आत्महत्येच्या बातम्या पूर्वी कशा यायच्या आठवतं ना? दोर, विष, चिठ्ठीतला मजकूर, सगळं. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आणि हळूहळू का होईना, पद्धतीचं वर्णन कमी झालं, शेवटी मदतीचा क्रमांक येऊ लागला. तशा दोन ओळी अपघाताच्या बातमीखालीही बसतील. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’ असं आपण लिहितो आणि थांबतो. १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूसाठी वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे, अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. ज्याच्या घरी प्रेत आलंय तो राजपत्र वाचत नाही, तो आपली बातमी वाचतो, कात्रण जपून ठेवतो. तिथे ती ओळ हवी. दुसरी ओळ : जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ लाच यावर शिक्कामोर्तब केलंय. आता जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोख पैसे न भरता उपचारांची केंद्राची योजनाही आहे. ‘बघ्यांची गर्दी, मदतीला कुणी नाही’ असं माणुसकीच्या नावाने बोटं मोडत लिहिण्याऐवजी बघ्याला नेमकी कशाची भीती वाटते ते ओळखून त्याला सांगू या.

आता घरातलं. बाहेर कुणाला सांगू नका असं म्हणणार होतो, पण पत्रच खुलं आहे. आमचं पान वीस मिनिटं उशिरा सुटलं की छपाई उशिरा व्हायची, आणि पेपरची टॅक्सी तालुक्याला मात्र ठरल्या वेळीच पोचायची. ती वीस मिनिटं कुठे भरून निघायची? टपावर आणि मागे गठ्ठे, पहाटे तीनची वेळ, सलग तिसरी रात्र जागलेला ड्रायव्हर. त्याच गठ्ठ्यांत माझी ‘काळाचा घाला’वाली बातमी. एकदा अशीच एक टॅक्सी वडाच्या झाडावर गेली. ड्रायव्हर पायावर निभावला. त्याची बातमी आम्ही छापली नाही. पान उशिरा सुटण्याचं कारण बहुतेकदा माझी शेवटची दुरुस्ती असायची.

तर माझी विनंती. तिसऱ्या रविवारी मेणबत्त्यांचा फोटो खुशाल छापा. त्याबरोबर एक पान मोकळं ठेवा. आपल्याकडे ‘प्रथम पुण्यस्मरण’ची जाहिरात असते तसंच ते पान असू दे, आपल्या जिल्ह्यात वर्षभरात रस्त्यावर गेलेल्यांचं. घरच्यांना विचारून नाव आणि फोटो घ्या. ‘शोकाकुल’च्या जागी काय घडलं ते लिहा, जेवढं नक्की कळलंय तेवढंच. दिवा होता की नाही, हेल्मेट, पट्टा, वळणावर फलक, साइडपट्टीचा खड्डा. आणि शेवटी, त्या जागी वर्षभरात काय बदललं तेवढं. बहुतेक ठिकाणी ‘काही नाही’ असंच छापावं लागेल. तसं छापा. पुढच्या वर्षी परत जा. चाळीस जागा होत नसतील तर चार घ्या, पण वार्ताहर प्रत्यक्ष जाऊन आलेला असू दे.

त्या वडिलांचं सांगायचं राहिलं. वर्षभराने ते पुन्हा आले होते. या खेपेला संपादकीय विभागात चढले नाहीत, खाली जाहिरातीच्या खिडकीशी उभे होते. मी चहाला उतरलो म्हणून दिसले. हातात मुलाचा शाळेतल्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो आणि वहीच्या कागदावर लिहिलेला मजकूर. नेहमीचाच होता, आई, वडील, बहिणी, समस्त ग्रामस्थ. सगळ्यात खाली त्यांनी एक ओळ घातली होती : ‘ट्रॉलीला मागे दिवा लावा.’ खिडकीतल्या मुलाने त्यांना समजावून सांगितलं की पुण्यस्मरणाचा आकार ठरलेला असतो, ओळ वाढली की उंची वाढते, आणि भाव चौरस सेंटिमीटरवर आहे. त्यांनी किती होतील ते विचारलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढून मोजून दिले. आम्ही ते घेतले.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक